गुहागर: गाडी पंधरा-वीस मिनिटांनी झटके खाते, थोडी थांबवली की पुन्हा चालते

सागरी_सडक
१५० सीसी बाईक, कार्ब्युरेटरवाली, बीएस-४, रनिंग ३८ हजार. किनाऱ्याने मालवणला चाललोय, सध्या गुहागरला आहे. पुढे तवसाळ-जयगड फेरी घ्यायची आहे. मुरूडच्या आसपास टाकी फुल केली होती, त्यानंतर एक रात्र गाडी उघड्यावर मुसळधार पावसात उभी होती.

स्टार्ट लगेच होते, स्लोला व्यवस्थित उभी राहते. ५०च्या पुढे पंधरा-वीस मिनिटं चालवली की पिकअप जातो, झटके खात बंद पडते. चढावर लवकर. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा जणू काही झालंच नाही. प्लग नवीन टाकला, फरक नाही. टाकीवर मॅग्नेटची बॅग आहे, वर तिचं रेनकव्हर. कार्ब खोलून घ्यावा का?

तेल_पाणी
कार्बला एवढ्यात हात लावू नका. आधी ती बॅग उतरवा.

टाकीच्या झाकणाला हवा आत जायचं बारीक भोक असतं. ते बुजलं, किंवा वर रेनकव्हर घट्ट बसलं, की पेट्रोल खाली उतरताना टाकीत पोकळी होते आणि धार बारीक पडते. स्लोला पेट्रोल लागतं किती, त्यामुळे तिथे काही कळत नाही. चढावर मात्र फ्लोट बाऊल, म्हणजे कार्बच्या तळाचं पेट्रोलचं भांडं, भरतो त्यापेक्षा लवकर रिकामा होतो. उभी केली की हवा हळूहळू शिरते, बाऊल भरतो, गाडी चालू.

पुढच्या वेळी बंद पडली की दहा मिनिटं वाट बघत बसू नका. लगेच झाकण उघडा. "फुस्स" आवाज झाला आणि मिनिटभरात गाडी चालू झाली तर भोकच बुजलंय.

काळा_प्लग
वरचं बरोबर, पण गरम झाल्यावर मरणारी कॉइलही (प्लगला करंट देते ती) अगदी असंच करते. गार झाली की स्पार्क परत येतो. दोन्हीतला फरक बंद पडण्याच्या तऱ्हेत असतो: पेट्रोल कमी पडलं तर गाडी आचके देत, रडत रडत थांबते, करंट गेला तर चावी फिरवल्यासारखी एकदम.

बंद पडल्या पडल्या प्लग काढून टोपीत घाला, धातूचा भाग इंजिनला टेकवून स्टार्टर मारा. ठिणगी निळसर आणि ठसठशीत हवी, पिवळी-मरतुकडी नको. पेट्रोल सांडलेलं असेल किंवा पाइप काढलेला असेल तेव्हा हे अजिबात करायचं नाही. प्लगची टोपीही वायरवरून पिळून काढून बघा. खाऱ्या हवेत आतली तार हिरवी पडते. अर्धा सेंटिमीटर कापून टोपी पुन्हा पिळून बसवली की काम होतं.

सागरी_सडक
बॅग काढून चालवली, तरी तेच. झाकण उघडलं, आवाज नाही, फरकही नाही. बंद पडते ती आचके देत. स्पार्क निळा आहे. प्लगचं टोक मात्र पांढरट दिसतंय. आणि एक: झटके सुरू झाल्यावर चोक अर्धा ओढला तर थोडा वेळ सुरळीत चालते.

तेल_पाणी
मग कॉइल सोडा. चोक ओढून सुधारते आणि प्लग पांढरा, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळतंय. पावसातली रात्र बघता संशय पाण्यावर.

इंजिन गार होऊ द्या. पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) बंद करा. बाऊलच्या तळाशी नळी असते, तिच्या तोंडाशी पारदर्शक बाटली धरा आणि बाजूचा ड्रेन स्क्रू एक फेरा सैल करा. बाहेर नाही काढायचा. निघेल तेवढं काढून स्क्रू आवळा. मग कार्बकडची पेट्रोलची पाइप सोडा, कॉक रिझर्व्हवर करा आणि पाव लिटर दुसऱ्या बाटलीत घ्या. रिझर्व्हवरच का, तर मेनची नळी टाकीत उंच उभी असते आणि पाणी बसतं तळाला. धारेचा जोरही इथेच कळतो. थेंब थेंब आली तर कॉकची जाळी तुंबलीय.

बाटल्या दहा मिनिटं हलवू नका. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते थोडं पाणी पोटात घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळा थर होतो. तो थर जेटपाशी (कार्बमध्ये पेट्रोल जायचं बारीक भोक) आला की गाडी अडखळणारच. गढूळ दिसलं तरी पाणीच समजा. स्वच्छ, एकजीव पेट्रोल येईपर्यंत काढत राहा, आणि काढलेलं पुन्हा टाकीत ओतू नका.

जांभा_रोड
पाणी निघालं तर ते शिरलं कुठून तेही बघा, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा हेच. झाकणाभोवती जी वाटी असते तिच्यात एक छोटं भोक असतं. तिथून नळी टाकीतून आरपार खाली जाते, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. आपल्याकडच्या तांबड्या मातीने ते भोक हमखास बुजतं. मग वाटीत पाणी साचतं आणि झाकणाचं रबर कडक झालं असेल तर आत झिरपतं. झाकण उघडून वाटीत पाणी ओतू नका, बंद ठेवून चमचाभर ओता. खाली गळलं पाहिजे.

सागरी_सडक
बाऊलमधून निघालं त्यात खाली बोटभर थर. टाकीतूनही निघालं, तिसऱ्या बाटलीपासून स्वच्छ. वाटीतलं भोक चिखलाने गच्च, सायकलच्या ब्रेकची तार घालून मोकळं केलं. आता चढावर बंद पडत नाही. पण ६०च्या पुढे किंचित अडखळते, झटके नाहीत.

काळा_प्लग
मेन जेटमध्ये कचरा किंवा पांढरी भुकटी अडकली असणार. स्लो नीट आहे म्हणजे स्लोला पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटला हात लावायची गरज नाही. आता मात्र बाऊल उतरवा. स्क्रू तीन-चार असतात, डोकी मऊ. नेमक्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर जोर देऊन दाबा आणि मगच फिरवा. मधला पितळी जेट बाहेर काढून उजेडाकडे धरा, भोक पूर्ण गोल दिसायला हवं.

सुई किंवा स्टीलची तार घालायची नाही, भोक मोठं झालं की जेट बदलावा लागतो. कार्ब क्लीनर मारा, मग मासेमारीचा बारीक तंगूस आरपार ओढा. नायलॉन पितळेला ओरखडत नाही आणि गुहागरात तो मिळायला अडचण नाही. बाऊलच्या तळाचा गाळ फडक्याने पुसा. रबराची रिंग पेट्रोलने फुगली असेल तर खाचेत बसता बसत नाही, ती सुकू द्या. जेट हाताने बसवून शेवटी जरासा आवळा, कार्बची बॉडी मऊ धातूची असते, आटे सहज जातात.

जांभा_रोड
एअर फिल्टरही उघडून बघा. कागदी असेल आणि भिजला असेल तर सुकवून चालत नाही, नवीन टाका. काढून ठेवून चालवू नका, तांबडी धूळ थेट सिलिंडरमध्ये जाईल. चाचणीला चिपळूण रस्त्याने शृंगारतळीपर्यंत जाऊन या. तिथे मोठी बाजारपेठ आहे, काही लागलंच तर मिळेल. फेरी ओलांडल्यावर अडकण्यापेक्षा ते बरं.