माझ्याकडून संतूर-बासरी

वरती विचारलंय ना, मूड गेला की शब्द नसलेलं काय ऐकता, आणि सगळ्यांनी सतारच सुचवलीय, तर माझ्याकडून 'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या. १९६७ ची रेकॉर्ड आहे, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार, हो गिटारच, आडवी ठेवून अशी वाजवायचे की मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) ऐकून आधी मला सरोदच वाटलं होतं. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस आहे त्यात, सकाळच्या अहिर भैरव रागापासून शेवटी पहाडी रागापर्यंत.

परवा सातपूरहून सेकंड शिफ्ट संपवून निघालो, सुपरवायझरशी वाजलेलं, डोकं नुसतं भणभणत होतं, घरी आलो तर लाइट गेलेली. गॅलरीत बसून पहाडी लावला, इयरफोनची एकच बाजू चालू (दुसरी कधीच मेलीय), त्यात बासरी आली आणि चहा हातातच गार झाला राव. आई आतून विचारतेय जेवणार का, मी आपला गप्प.

फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, संतूरचे बारीक स्वर पार पत्र्यासारखे वाजतात.