महिन्यानंतरही हाताशी राहतील अशी गमतीदार उपकरणं कोणती?

वहीवाली

लोकहो, माझ्या टेबलाचा तिसरा खण हल्ली पूर्ण बंद होत नाही, म्हणून हा धागा.

खणात आणि खणाच्या आसपास काय आहे ते सांगते. शिट्टी मारली की ओ देणारी कीचेन. पाठीला चिकटवायचं आणि पोक काढलं की गुरगुरणारं एक यंत्र. यूएसबीवर चालणारा, एक डबा जेमतेम मावेल एवढा फ्रिज. हवेत तरंगणारा दिवा, जो सध्या आडवा पडून आहे. बोटात घालायचं एक रिमोट, त्याने मोबाइलवरची पानं उलटतात. (थंडीत पडल्यापडल्या वाचताना हात पांघरुणाबाहेर काढावा लागू नये म्हणून. होय, तेवढ्यासाठी.)

निम्म्या वस्तू भाच्याने दिलेल्या. तो उपकरणवेडा आहे. उरलेल्या निम्म्यांचं पाप माझं, रात्री झोप येत नसताना केलेलं.

मी मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे नोंदी ठेवायची खोड आहे. या वस्तूंचीही वही आहे. दोनच रकाने: 'आलं कधी' आणि 'शेवटचं हातात घेतलं कधी'. एकूण सतरा नोंदी. सगळ्यांत अल्पायुषी ठरली ती शिट्टीवाली कीचेन, दोन दिवस. ती शिट्टीला दाद देईना, पण सासूबाईंना खोकला झाला होता, तर प्रत्येक उबळीला माझ्या पर्समधून टीं टीं टीं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "औषध मला नको, तिला दे."

दीर्घायुषी म्हणजे लोकरी कपड्यांवरचे गोळे काढणारं यंत्र, चार वर्षं झाली. आणि पहाटे अर्धा तास हळूहळू उजळत जाणारा गजराचा दिवा. सतरापैकी चारच वापरात उरल्या आणि त्या चौघींत एक साम्य सापडलं: एकीलाही चार्जिंगला लावावं लागत नाही. एक तर भिंतीला कायमच्या जोडलेल्या, नाही तर पेन्सिल सेलवर चालणाऱ्या. पाठीवरच्या यंत्राला दर तीन दिवसांनी चार्जिंग, दर आठवड्याला अ‍ॅपचं अपडेट आणि दर महिन्याला चिकटपट्टी बदलून हवी होती. कोण कोणाच्या नोकरीला आहे तेच कळेना.

आता प्रश्न. पुढच्या महिन्यात वाढदिवस आहे आणि भाचा विचारतोय, काय आणू? गंमत हवी, पण महिन्यानंतरही हात आपोआप जावा असं काही तुमच्याकडे आहे का? ऐकीव नको, स्वतः वापरलेलं सांगा.

जाता जाता दोन तक्रारी. झाडू मारणारा रोबो सगळं घर फिरतो, पण काळ्या गालिच्याच्या काठावर येऊन थांबतो आणि मागे वळतो. आणि हरवल्या तर मोबाइलवरून शोधता याव्यात म्हणून किल्ल्यांना लावलेल्या ब्लूटूथ टॅगमध्ये कालच नवा सेल घातला, तरी ढिम्म. दोन्ही वस्तू वहीत जाण्याच्या बेतात आहेत.

जुना सोल्डर

वहीवाली ताई, आधी तक्रारी निकालात काढू.

रोबो बिघडलेला नाही, घाबरलेला आहे. त्याच्या पोटाशी पुढच्या बाजूला इन्फ्रारेड सेन्सर असतात. ते खाली किरण सोडतात आणि परत किती येतात ते बघतात. जिना आला की परत काही येत नाही, म्हणून तो मागे फिरतो. काळा गालिचा ते किरण गिळून टाकतो, त्यामुळे रोबोच्या लेखी तुमच्या दिवाणखान्याच्या मधोमध विहीर आहे. खात्री करायची तर गालिच्याच्या काठावर पांढरे कागद पसरून बघा, तेवढ्यावर तो चढेल. काही जण सेन्सरवरच पांढरी पट्टी चिकटवतात. तुमच्या घरात एक जरी पायरी असेल तर तो उद्योग करू नका. गडगडलेला रोबो मी दुरुस्त केलाय, चाकाचा सांगाडाच निखळला होता.

टॅगचं कारण बहुधा कडू लेप. सीआर २०३२ हा सेल (नावातच माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी) लहान मुलं तोंडात घालतात, म्हणून काही उत्पादक त्यावर कडू चवीचा थर देतात. थर चांगल्या हेतूचा, पण काही टॅगांतल्या पत्र्याच्या जिभेचा संपर्क नेमका तिथेच येतो आणि वीज पोचत नाही. पाकिटावर बघा, कडू लेपाचा उल्लेख असेल तर तसा नसलेला सेल घाला. मात्र घरात लहान मूल येत-जात असेल तर सुटे सेल कुलपात. गिळलेला बटन सेल दोन तासांत अन्ननलिका भाजून काढू शकतो, त्यात थट्टा नाही.

फ्रिजबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मला राहवत नाही. यूएसबी २.० चं पोर्ट नियमाने ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतं. म्हणजे अडीच वॉट. ३३० मिलिलिटर पाणी ३० अंशांवरून १० अंशांवर आणायला त्यातून सुमारे २७,६०० ज्यूल उष्णता काढावी लागते. विजेच्या एका ज्यूलमागे एक ज्यूल उष्णता निघते असं सढळपणे धरलं तरी तीन तास. आत पेल्टिअरची, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी चकती असते (तो परिणाम १८३४ सालचा आहे, यात नवीन काही नाही) आणि ती इतकी कामसू नसते. शिवाय तिची गरम बाजू बोटभर अंतरावर, त्यामुळे काढलेली उष्णता मागच्या दाराने परत आत. आधीच गार असलेलं पाणी त्यात ठेवा, जरा उशिरा कोमट होईल.

निशाचर

सोल्डरदादांनी फ्रिजची अंत्ययात्राच काढली. हसून हसून पुरेवाट.

माझा अनुभव पळणाऱ्या घड्याळाचा. गजर झाला की ते टेबलावरून उडी मारतं आणि चाकांवर वाट फुटेल तिकडे पळतं. मूळ कल्पना गौरी नंदा यांची, एमआयटीत शिकत असतानाची. त्यासाठी त्यांना २००५ सालचं अर्थशास्त्राचं इग्नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या कामाचं गमतीदार पारितोषिक) मिळालं, कारण माणसं खरंच उठली तर कामाचे तास वाढणार! माझं घड्याळ त्यांचं नव्हे, त्याच जातीतलं एक दुसरं.

पहिला आठवडा झकास. रोज सहाला मी गुडघ्यांवर. मग त्याला कपाटाखालची जागा सापडली, तेव्हा मी शेजारी पडदा लावायची काठी ठेवू लागलो. मग मी हुशार झालो आणि त्याच्याभोवती पुस्तकांचं कुंपण घातलं. दहाव्या दिवशी कुंपणाचाही कंटाळा आला, म्हणून रात्री ते प्लास्टिकच्या बादलीत ठेवून झोपलो. सकाळी सहाला बादलीत ते गोल गोल फिरायला लागलं आणि असा काही घुमला तो आवाज! बायको म्हणाली, "घड्याळ तुझं, बादली तुझी, कान तेवढे माझे."

आता ते पुतणीकडे आहे. तिने गजर काढून टाकलाय आणि नुसतंच पळवते.

शांताराम

गोळे काढणाऱ्या यंत्राला +१. माझ्याकडचं सहा वर्षांचं आहे. पात्याची जाळी अधूनमधून ब्रशने साफ करा, बाकी काही नाही.

वहीवाली

सोल्डरदादा, विहीर! मी तीन महिने त्या रोबोला मूर्ख म्हणत होते. सेलचं पाकीट कचऱ्याच्या डब्यातून काढून बघितलं, बारीक अक्षरांत आहे खरं तसं. आणि मी म्हणे मुद्रितशोधक.

तरंगणाऱ्या दिव्याबद्दल कोणी सांगेल का? दोन चुंबकं एकमेकांना ढकलतात एवढं कळतं. मग तो ठेवताना एवढा का छळतो, आणि वीज गेली की का कोसळतो? चुंबकाला कुठे वीज लागते?

लोहचुंबक

ताई, नुसत्या कायमच्या चुंबकांनी वस्तू हवेत स्थिर राहूच शकत नाही. सॅम्युएल अर्नशॉ यांनी १८४२ मध्येच गणिताने दाखवून दिलं ते. वर ढकलणारा जोर मिळतो, पण स्थिर जागा मिळत नाही. टाचणीच्या टोकावर गोटी ठेवल्यासारखं, केसभर सरकली की गेलीच.

म्हणून दिव्याच्या बैठकीत कायमच्या चुंबकाशिवाय तारांची वेटोळी आणि हॉल सेन्सर (चुंबकाचा जोर ओळखणारे) असतात. वरचा भाग डावीकडे झुकला की सेन्सरला कळतं, त्या बाजूच्या वेटोळ्यातला प्रवाह बदलतो आणि त्याला परत मध्ये ढकललं जातं. हे सेकंदाला शेकडो वेळा चालू असतं. तुम्हाला तो निवांत तरंगताना दिसतो, प्रत्यक्षात त्याला कोणी तरी सतत सावरतंय. वीज गेली की सावरणारा गेला.

ठेवताना वरून सरळ खाली आणू नका. बैठकीवर आठ-दहा मिलिमीटर जाडीची वही ठेवा, त्यावर दिवा दोन्ही हातांनी मध्यभागी धरून हळूहळू उचला. हाताला तो हलका झाल्यासारखा वाटला की तीच जागा. मग वही सावकाश ओढून घ्या. घरात कोणाला पेसमेकर असेल तर मात्र तो दिवा द्या कोणाला तरी, त्यातली चुंबकं जबर असतात.

रिकामटेकडा

मला धागाकर्तीच्या वहीवरच आक्षेप आहे. तुम्ही गमतीच्या वस्तूंना हजेरीपट लावलाय. फटाक्याला कोणी विचारतं का, उद्या वाजशील का म्हणून?

जपानमध्ये केंजी कावाकामी नावाच्या गृहस्थांनी 'चिंदोगु' हा प्रकार काढला. वस्तू खरोखर बनवलेली हवी, तिने काही तरी अडचण सोडवायला हवी, पण ती वापरणं इतकं लाजिरवाणं किंवा गैरसोयीचं असावं की जवळजवळ निरुपयोगी ठरावी. शिवाय ती विकायची नाही आणि पेटंटही घ्यायचं नाही, असे रीतसर दहा नियम आहेत. गंमत म्हणजे १९९५ च्या त्यांच्या संग्रहात स्वतःचा फोटो काढायची काठी होती. तेव्हा लोक हसले. पुढे काय झालं ते तुम्ही जाणताच.

तर माझी शिफारस: निरुपयोगी पेटी. लाकडी डबी, वर एक बटण. बटण चालू केलं की झाकण उघडतं, आतून एक बोट येतं, बटण बंद करतं आणि परत आत जातं. संपलं. कल्पना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनातले मार्विन मिन्स्की यांची, १९५२ मधली, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत असतानाची. क्लॉड शॅनन यांना ती इतकी आवडली की त्यांनी बनवून आपल्या टेबलावर ठेवली. माहिती सिद्धांताचा पाया घालणारा माणूस!

मी स्वतः केलीय. एक गिअरवाली मोटर, दोन्ही दिशांना प्रवाह उलटवणारं सहा पायांचं बटण आणि बोट आत गेल्यावर मोटर थांबवणारा एक मायक्रोस्विच. चिप नाही, अ‍ॅप नाही. चार पेन्सिल सेल. सुटे भाग जोडायला भाच्यालाच बसवा, वेड्याला तेवढाच विरंगुळा. एक सूचना: बोट फार लांब कापू नका, झाकणात अडकतं. माझं तीनदा अडकलं.

ऐलतीर

पेटीला अनुमोदन. काहीही घ्या, पण कंपनीच्या सर्व्हरवर जगणारं घेऊ नका. नाबाझ्ताग नावाचा प्लास्टिकचा ससा होता, २००५ मध्ये फ्रान्सच्या एका कंपनीने काढलेला. वायफायने जोडायचा, मग तो हवामान सांगायचा, कान हलवून निरोप द्यायचा. जगभर लोकांनी घेतला. २०११ मध्ये सर्व्हर बंद झाले आणि घराघरांतले ससे एकदम मुके. ससा धडधाकट, मोटर ठीक, दिवे ठीक. काही हौशी लोकांनी आत नवा मेंदू बसवून त्यांना पुन्हा बोलतं केलं, ती गोष्ट वेगळी.

दुकानात माझा एकच प्रश्न असतो: इंटरनेट बंद पडलं तर हे काय काय करू शकतं? विक्रेता छताकडे बघायला लागला की मी निघते.

अवांतर: वहीला तिसरा रकाना जोडा, 'कोणी हसलं का'.

वहीवाली (तीन आठवड्यांनी)

हिशेब द्यायला आले.

टॅग चालू झाला, साधा सेल घातल्याबरोबर. पेसमेकर घरात कोणालाच नाही, त्यामुळे दिवाही तरंगतोय. वहीची युक्ती चौथ्या प्रयत्नात जमली, आणि वही म्हणजे हीच वही, दुसरी पुरेशा जाडीची मिळेना.

रोबोच्या विहिरीची परीक्षा घेतली. काठावर कागद पसरले, तो ऐटीत चढला आणि पहिलाच कागद पोटात घेऊन बसला. कागद कोरे घ्यायला हवे होते हे तेव्हा सुचलं. एका प्रुफाचं पान २१२ ब्रशमधून चुरगळलेलं काढलं, त्यावरच्या माझ्या खुणा अजून वाचता येत होत्या. तसंच पाठवून दिलं. गालिचा आता मी हातानेच झाडते.

पेटी आली. भाच्याने इथेच बसून जोडली आणि बोट अर्थातच लांब कापलं. कानशीने घासून बसवलं. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "एवढंच करते?" आणि बटण दाबलं. मग परत दाबलं. आता त्या जाता-येता दाबतात. अर्धवट दाबून तिला चकवता येतं का, एकदम दोनदा दाबलं तर काय होतं, असे त्यांचे प्रयोग चालू आहेत. काल दुपारी झाकणावर पत्ते ठेवून बघत होत्या, किती पानांचं वजन झालं की बोटाला झाकण उचलत नाही ते.

मायक्रोस्विच अधूनमधून अडकतो आणि मोटर आतल्या आत कुरकुरत राहते. रिकामटेकडे, यावर उपाय सांगा, लवकर. सासूबाई दिवसातून तीनदा विचारतात.