जुन्या फौजी रायफलीला पॉलिश पेपर लावावा का?

ओहायोकर
गेल्या शनिवारी इथल्या बंदुकांच्या प्रदर्शनात ईशापूरच्या (बंगालमधल्या सरकारी कारखान्यातली) थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड रायफल पाहिली. बोल्टमागच्या पट्टीवर मुकुट, खाली ईशापूर, १९४२. दस्ता मात्र आरशासारखा चकचकीत! विक्रेता कौतुकाने सांगत होता, मशीनने घासून पॉलियुरेथेनचे तीन हात दिलेत म्हणून. दस्त्यावर ठोकलेला आकडा बोटालाही लागत नव्हता. पुढच्या लाकडावर गोल गोल पुसट खाचा होत्या. तिथे एके काळी तार गुंडाळलेली होती. नळीच्या तोंडावर कप बसवून हातबॉम्ब फेकायच्या रायफलींना अशी तार गुंडाळून डाख देत, लाकूड फुटू नये म्हणून. ह्या गृहस्थाने ती 'कुरूप दिसते' म्हणून सोलून टाकली.

माझं मत स्पष्ट आहे. ग्रीस काढा, गंज थांबवा, तेल द्या आणि तिथे हात आवरा. ११०वी मराठा पलटण १९१६ मध्ये मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) कूटच्या वेढ्यात उपाशी राहून शरण गेली, १९४१ साली मराठे एरिट्रियात केरेनच्या कड्यांवर चढले. त्या माणसांचं आपल्याकडे फार थोडं उरलंय. लाकडावर जे आहे ते तरी घासू नका.

सुताराचा नातू, टेक्सास
दादा, तार सोलली ते वाईटच झालं. पण 'हात आवरा' हे मला पटत नाही. तुम्ही ज्याला इतिहास म्हणता त्यातला निम्मा गोदामातला आहे. रायफली पेट्यांत एकावर एक रचून जहाजातून इथे अमेरिकेत आल्या, त्या पोचांचा केरेनशी काय संबंध?

शिवाय फौजेनेच ह्या रायफली कितीदा दुरुस्त केल्या. ईशापूरच्याच कारखान्यात नळ्या बदलल्या, नवं लाकूड चढवलं, लाकूड चिरू नये म्हणून पुढच्या भागात आडवा स्क्रू घातला. इथले संग्राहक त्याला 'ईशापूर स्क्रू'च म्हणतात. १९४२ ची पट्टी, १९५०च्या दशकातला दस्ता, कधीची तरी नळी. मग अस्सल कशाला म्हणायचं?

आणि ली-एनफिल्डचं लाकूड शोभेचं नाही. गोळी सुटल्यावरचा धक्का ट्रिगरजवळच्या लाकडाच्या दोन लहान खांद्यांवर येतो. ते आकसले किंवा तेल पिऊन मऊ पडले की नेम जातो, पुढे लाकूड उभं चिरतं. तिथे नवा तुकडा बसवावाच लागतो. मी सागवान वापरत नाही, अक्रोड वापरतो.

निवृत्त सुभेदार, सातारा
मी १९६३ ला भरती झालो. बेळगावला पहिली रायफल हातात आली ती थ्री-नॉट-थ्रीच. फायरिंगहून आलो की आधी नळीत गरम पाणी ओतायचं, कारण त्या काडतुसांच्या टोपीतला क्षार नळी खातो. मग पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी), चिंधी, तेल. लाकडाला अळशीचं तेल तळहाताने चोळायचं, हात गरम होईस्तोवर. मळकी रायफल दिसली तर उस्ताद मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे.

ओहायोकर, राग मानू नका. काळा मळ तसाच ठेवून त्याला आठवण म्हणता, हे मला बघवत नाही. आम्ही तिला तसं कधी ठेवलं नाही.

ओहायोकर
सुभेदारसाहेब, राग कसला. तळहाताने तेल चोळायला माझी ना नाही, उलट आजच तसं करून बघतो. मी भांडतोय ते पॉलिश पेपरशी. मळ निघाला तरी खालचं लाकूड राहतं. घासल्यावर जे जातं ते परत आणता येत नाही.

नागपूरची शिक्षिका
मला रायफलींतलं फारसं कळत नाही, पण एक सांगते. भारतात हा बोअर, म्हणजे .३०३ ची नळी, सामान्य माणसाला मिळतच नाही. म्हणून तर आपल्याकडे शिकारीसाठी .३१५ निघाली. पोलिसांकडच्याही गेल्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या २६ जानेवारीला तिला निरोप दिला. माझे पणजोबा मेसोपोटेमियाला गेले होते. घरी त्यांचं एक पदक आहे, बाकी काही नाही. तुमच्या अंगणात ज्या आल्या त्यांवरचा प्रत्येक आकडा निदान फोटो काढून, वाचून, लिहून ठेवा. मग तेल लावा नाहीतर रंधा मारा.

सुताराचा नातू, टेक्सास
ताई, हे मान्य. मी आजवर असे फोटो काढले नाहीत, ते चुकलं.

पण पोच मी काढणारच. ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री दाबली की दबलेला तंतू फुगून वर येतो, लाकूड कणभरही जात नाही. फक्त शिक्क्यावर इस्त्री नेऊ नये, नाहीतर ठोकलेली अक्षरंही तशीच फुगून पुसट होतात. एका मॅगझीनजवळच्या शिक्क्याचं माझ्याकडून तसं झालं होतं.

ओहायोकर, ती तार सोललेली रायफल कुणी घेतलीच तर गोळी झाडण्याआधी हेडस्पेस, म्हणजे बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधली फट, तपासून घ्या म्हणावं. हातबॉम्ब फेकून फेकून त्या बंदुका थकलेल्या असतात, आणि तार गेल्यावर तसं ओळखायची ठळक खूण राहत नाही.

ओहायोकर
त्या विक्रेत्याचं कार्ड माझ्याकडे आहे. उद्याच फोन करतो.