मदत हवी आहे: माती तपासायचे सेन्सर यंत्र घ्यावे का?

नमस्कार मंडळी. आमची मुरबाड तालुक्यात भातशेती आहे, भातानंतर भेंडी-काकडी घेतो. गावातले काही शेतकरी मिळून माती तपासायचे सेन्सर यंत्र घ्यायचा विचार चालू आहे. विक्रेता सांगतो, सळया मातीत खुपसल्या की नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) लगेच मोबाईलवर दिसतात.

माझी शंका विशेषतः स्फुरदाबद्दल आहे. प्रयोगशाळेत ते रसायनाने मातीतून काढून मोजतात, आणि त्यातही आम्ल जमिनीला ब्रे पद्धत, विम्ल (अल्कधर्मी) जमिनीला ओल्सेन पद्धत. स्वस्त सळईवाले सेन्सर मात्र बहुधा मातीची विद्युतवाहकता मोजतात आणि त्यावरून तिन्ही आकडे अंदाजाने काढतात. ओलावा बदलला की वाहकता बदलते. मग चिखलणी केलेल्या खाचरातला आकडा आणि भेंडीच्या वाफ्यातला आकडा एकमेकांशी ताडायचा कसा? ओलावा आणि तापमानासाठी सेन्सर उपयोगी आहेत, हे मला मान्य आहे. पण चुकीच्या आकड्यावर भाताला युरिया जास्त पडला तर करपा रोग वाढतो, ही भीती खरी आहे.

ठाणे-रायगड भागात कुणी असे यंत्र वापरले आहे का? त्याच जागेचा नमुना प्रयोगशाळेत देऊन आकडे जुळवून पाहिले का? आपल्या तांबड्या, आम्ल मातीसाठी कॅलिब्रेशन (यंत्राचे आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यांशी जुळतील असे बसवणे) कोणी करून दिले? प्रकाशाच्या वर्णपटावर चालणाऱ्या यंत्रांचा अनुभव असेल तर तोही कृपया लिहा. पैसे सगळ्यांचे आहेत, म्हणून खरेदीआधी विचारतोय. तोवर मृद आरोग्य पत्रिकेसाठी नमुने देणे चालूच ठेवणार आहोत.