आठवीला संपूर्ण संस्कृत, संयुक्त हिंदी-संस्कृत की संपूर्ण हिंदी?

प्रश्न : सातवीतल्या मुलीची आई

माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत राज्य मंडळाचा अभ्यासक्रम शिकते आणि जूनमध्ये आठवीत जाईल. शाळेने एक छापील अर्ज दिला असून संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत आणि निम्मे-निम्मे संयुक्त अशा तीन पर्यायांपैकी एकावर खूण करून तो शनिवारपर्यंत परत द्यायचा आहे. वर्गशिक्षिकांना विचारले तेव्हा ‘हुशार मुले संस्कृतच घेतात’ एवढेच उत्तर मिळाले. मुलीचे पाठांतर चांगले आहे, मात्र व्याकरणाचा तिला कंटाळा आहे. यजमानांची नोकरी बदलीची असल्यामुळे दहावीपर्यंत आम्ही याच गावात राहू याची खात्री नाही. या निवडीचा दहावीच्या टक्केवारीवर खरोखर किती परिणाम होतो आणि मध्येच शाळा बदलावी लागली तर काय होते, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर 1 : निवृत्त संस्कृत शिक्षिका

ताई, आधी गुणांचे पाहू. दहावीला संपूर्ण भाषेची 80 गुणांची लेखी परीक्षा असते आणि उरलेले 20 गुण शाळेतील अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. संयुक्तमध्ये हेच दोन भाषांत विभागले जाते, म्हणजे प्रत्येकी 40 आणि 10. सहा विषयांपैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरून टक्केवारी काढली जात असल्याने संस्कृतचा फायदा वाटतो तेवढा सरळ नसतो. हिंदीत 88 मिळवणाऱ्या मुलीला संस्कृतमध्ये 98 मिळाले आणि दोन्ही वेळा तो विषय पहिल्या पाचांत राहिला, तर फरक 500 पैकी 10 गुणांचा, म्हणजे दोन टक्क्यांचा पडतो. संस्कृत जड गेले आणि तोच सहावा विषय ठरला, तर तीन वर्षांच्या मेहनतीचा टक्केवारीत काहीच उपयोग होत नाही.

संस्कृतमध्ये पैकीच्या पैकी मिळतात ही समजूत निराधार नाही. चित्र पाहून नाव लिहिणे, संख्या अक्षरांत लिहिणे, घड्याळातील वेळेच्या जोड्या लावणे असे हमखास गुणांचे प्रश्न असतात. पाठ केलेले श्लोक शुद्ध लिहायचे असतात. काही उत्तरे ‘माध्यमभाषया’, म्हणजे आपल्या बाबतीत मराठीतून, लिहिता येतात. परंतु नामतालिका व क्रियापदतालिका (म्हणजे नामांची आणि क्रियापदांची रूपे), धातुसाधित विशेषणे आणि वाच्यपरिवर्तन (वाक्याचा प्रयोग बदलणे) यांच्यापासून सुटका नाही, आणि तिथे पाठांतर थोडेच अंतर साथ देते. ‘रामः’ पाठ असणारी मुले ‘हरिः’ आला की अडखळतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. आठवीच्या पहिल्या सत्रात रूपे रोज दहा मिनिटे मोठ्याने म्हणून घेतली, तर हा कंटाळा बराच कमी होतो. घरी कोणी ते करून घेणार नसेल, तर संपूर्ण संस्कृतचा आग्रह मी धरणार नाही.

संयुक्त अभ्यासक्रम म्हणजे निम्मे ओझे, असे मात्र समजू नये. पाठ कमी असले तरी दोन भाषांची व्याकरणे आणि दोन पाठ्यपुस्तके सांभाळावी लागतात. शिवाय लेखनाचे नियम एकमेकांत मिसळतात. मराठीत आपण ‘शांती’, ‘कवी’ असे दीर्घान्त लिहितो, तर हिंदी आणि संस्कृतात ‘शांति’, ‘कवि’ असे लिहायचे असते. संयुक्त घेतलेल्या मुलांच्या मराठीच्या उत्तरपत्रिकांत ऱ्हस्व वेलांट्या दिसू लागल्या की, या वर्गातली ही मुले आहेत हे न विचारता कळत असे.

हुशारीचा आणि संस्कृतचा संबंध जोडण्याची आपल्याकडील सवय जुनी आहे. मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळत असे. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांनी ती 1912 साली मिळवली आणि पुढे ‘मेघदूता’चा मराठी अनुवादही केला. तो विषयाचा मान होता. त्यावरून हिंदी घेणाऱ्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. आपल्या वर्गशिक्षिकांचे ते वाक्य मला मुळीच पटले नाही.

उत्तर 2 : बँकेत नोकरी करणारे वडील

बदलीविषयी अनुभवाने सांगतो. मुलाला आठवीत संयुक्त घेऊन दिले आणि नववीच्या आधी माझी बदली तालुक्याच्या एका गावी झाली. तिथल्या शाळेत संस्कृतचे शिक्षकच नव्हते. त्यामुळे मुलाला संपूर्ण हिंदीकडे वळावे लागले आणि आठवीत न शिकलेला हिंदीचा निम्मा भाग मे महिन्यात घरी करावा लागला. संपूर्ण संस्कृत घेतले असते तर अडचण याहून मोठी झाली असती, कारण नववीचे पुस्तक आठवीची रूपे येतात असे गृहीत धरूनच चालते. संपूर्ण हिंदी बहुतेक सर्व शाळांत मिळते, त्यामुळे बदलीच्या नोकरीत तो पर्याय सर्वांत कमी धोक्याचा आहे. शाळेत संस्कृत शिकवणारे किती जण आहेत आणि ते कायम नेमणुकीवर आहेत की तासिका तत्त्वावर, हे अर्ज देण्यापूर्वी अवश्य विचारा. आम्ही विचारले नव्हते.

उत्तर 3 : बारावीची विद्यार्थिनी

मी दहावीला संपूर्ण संस्कृत घेतले होते आणि विषय मनापासून आवडला, पण अकरावीत विज्ञान शाखेला आमच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे कोणी नव्हते, म्हणून मी भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेतले. ‘संस्कृत घेतले की बारावीपर्यंत गुणांची चिंता नाही’ असे कोणी सांगत असेल, तर आधी जवळपासच्या कनिष्ठ महाविद्यालयांत तो विषय आहे का ते पाहावे. बाईंनी सांगितलेल्या वेलांट्यांचा त्रास मलाही झाला होता आणि मराठीच्या सराव परीक्षेत त्यापायी माझे चार गुण गेले होते.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. काल शाळेत जाऊन विचारले, तेव्हा संस्कृतच्या शिक्षिका एकच असून त्या येत्या डिसेंबरमध्ये निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी अद्याप कोणाची नेमणूक झालेली नाही, असे कळले. अर्जात संपूर्ण हिंदीवर खूण केली आहे. मुलगी थोडी हिरमुसली, म्हणून मैत्रिणीकडून आठवीचे संस्कृतचे पुस्तक मागून आणले असून ती सुट्टीत त्यातले श्लोक पाठ करते आहे. बाई, रूपे म्हणून घेण्याची सुरुवात ‘देव’ शब्दापासून करावी की ‘राम’पासून, तेवढे कळवाल का?