पोरीला आपल्या वेळची गाणी कशी ऐकवायची?

विश्रामबागकर (सांगली)
लेक बारा वर्षांची. गाणं कितीही आवडू दे, निम्म्यात पुढचं लावणार. म्हणून माळ्यावरनं कॅसेटींचा खोका काढला. 'रोजा'ची हिंदी कॅसेट, लकी अलीची 'सुनो', आणि दुकानातनं भरून घेतलेल्या साठ मिनिटांच्या कॅसेटी. नवीन मंडळींसाठी सांगतो, वहीच्या कागदावर यादी लिहून द्यायची, दुकानदार गाणी भरून द्यायचा. एका बाजूला अर्धाच तास मावायचा. माझ्या एका कॅसेटीत शेवटचं गाणं दुसऱ्या अंतऱ्यात तुटलंय. अजून गुणगुणताना मी तिथंच थांबतो.

रविवारी जेवणं झाल्यावर तिला समोर बसवून 'रोजा' लावली. १९९२ चा पिक्चर, रहमान तेव्हा नवा, असा ठेका आम्ही कधी ऐकलाच नव्हता, सगळं नीट सांगितलं. तर म्हणते, "पप्पा, यावर टेस्ट आहे का?" तिची आई आतनं हसली. त्यात टेपही रडतोय, गाणं मधेच जड होतं. काय करावं?

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)
आधी टेपचं बघा. इतकी वर्षं पडून असल्यावर आतला रबरी पट्टा सैल होतो, कधी चिकट लगदा होतो. तो बदलून घ्या. हेड आणि शेजारचा रबरी रोलर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. कॅसेट लावण्याआधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा, नाहीतर चिकटलेलं रीळ मशीन खाऊन टाकतं. रिळावर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावूच नका, बाकीच्यांनाही लागते. लेकीचं मात्र मला विचारू नका. आमचा पोरगा ड्रम शिकतोय, घरात माझंच कुणी ऐकत नाही.

हॉस्टेलची_पाखरू (मूळ गाव विटा)
काका, मी एकोणीसची. घोळ गाण्यात नाही, प्रस्तावनेत आहे. विट्याहून कराडला जाताना आमचे पप्पा गाडीत हेच करायचे. गाणं रंगात आलं की आवाज बारीक करून, "आता ऐक हं, आता बासरी येणार!" बासरी आली की परत, "ऐकलीस?" ऐकणार कधी? एकदा त्यांचा घसा बसला होता, त्या दिवशी मी लकी अलीचं पहिलं अख्खं गाणं ऐकलं. आता ते माझ्या लिस्टमधे आहे. पप्पांना सांगितलेलं नाही, लगेच इतिहास सुरू होईल.

तुम्ही लावा आणि गाडी पुसा, भाजी निवडा, काहीही करा. सांगायचंच असेल तर त्या तुटलेल्या गाण्याचं सांगा. रहमानचं साल ती स्वतः शोधेल.

मिरजेची_तार
सांगलीत राहून नुसत्या कॅसेटींवर काय भागवताय राव? पोरीला घेऊन मिरजेला या. सतार-तंबोरे बनवणाऱ्या कारागिराला जवारी लावताना, म्हणजे तारेचा झणकार जुळवताना बघू दे तिला. घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, जरा जरा घासत उतार जुळवतात, मग तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. दोरा नेमक्या जागी आला की मुकी तार एकदम झणझणते. तिथं कुणी पुढचं लावा म्हणत नाही. मीरासाहेबांच्या उरुसात दर्ग्यात गाण्याची सभा असते, तिकडंही आणा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांची कबर तिथंच आहे. हे तुमच्या कॉलेजातलं संगीत नव्हे, कबूल. पण तुमच्या कॉलेजातल्यापेक्षा बरंच आहे.

विश्रामबागकर
शेवटचं वाक्य वाचलं नाही असं समजतो.

पट्टा बदलला, टेप हॉलमधे ठेवला आणि गप्प बसलो. (अवघड आहे हो.) दोन दिवस तिनं ढुंकून बघितलं नाही. काल ती तुटकी कॅसेट लावली, गाणं तुटल्यावर माझ्याकडं बघितलं, मोबाइलवर शोधून उरलेलं ऐकलं. मीही ऐकलं. पुढचा अंतरा खरं सांगायचं तर सुमारच निघाला, दुकानदारानं बरोबर जागी कापलंय.

मिरजकर, शनिवारी दुपारी कारागीर असतात का? पोरीचं म्हणणं, ती ऐकते त्या एका गाण्यातही तंबोरा आहे. मी म्हणतो, कीबोर्ड आहे. निकाल तुमच्याकडं.