मदत हवी आहे: करार असताना खेळाडू अडून कसा बसतो?

मंडळी, डॅलसला राहतो. अमेरिकन फुटबॉलचे नियम आत्ता कुठे डोक्यात शिरलेत, पैशाचं गणित मात्र काही केल्या जमेना.

२०२५ चा आमच्या डॅलस काउबॉइज क्लबचा बचावपटू मायका पार्सन्सचा तिढा आठवत असेल. करारातलं एक वर्ष शिल्लक, त्याचे २.४ कोटी डॉलर ठरलेले, तरी पठ्ठ्या नव्या करारासाठी अडून बसला. क्लबचा मालक जेरी जोन्सही हटेना. गडी शिबिराला हजर, पण पाठ दुखते म्हणून सराव नाही. एका सराव सामन्यात तर मैदानाकडेच्या टेबलावर चक्क आडवा झालेला फोटोत दिसला! शेवटी २८ ऑगस्टला त्याला ग्रीन बे क्लबला धाडलं आणि तिथे लगेच चार वर्षांचे १८.८ कोटी. आमच्या ऑफिसात त्या दिवशी सुतक.

हजर राहून न खेळण्यातली मेख कळली. शिबिर बुडवलं की रोज हजारो डॉलर दंड.

अडलंय ते 'फ्रँचायझी टॅग'पाशी, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूला ठरलेल्या रकमेवर आणखी एक वर्ष धरून ठेवायची क्लबची सोय. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या लेव्हियॉन बेलने टॅगचे सुमारे १.४५ कोटी सोडले आणि अख्खा मोसम घरी काढला. त्याने टॅगवर सहीच केली नव्हती, म्हणून दंड नाही म्हणतात. मग क्लबचा त्याच्यावर हक्क कुठल्या कागदावर राहतो? आणि पार्सन्सच्या १८.८ पैकी १२ कोटी सही करतानाच हमीचे, तर बाकीचे क्लब मनात आलं की बुडवू शकतो का?

जाणकारांनी जरा उलगडून सांगा. लेक रोज विचारतो, आणि मी विषय बदलतो.